भिंतीलगतचं पाणी

आमचं घर जळोचीत आहे. आता तिथे गल्ल्या झाल्या, दिवे आले, घराला घर चिकटलं. नव्वदीच्या सुरुवातीला मी तिथे प्लॉट घेतला तेव्हा तीन बाजूंनी ऊस होता आणि चौथ्या बाजूला, कुंपणाला लागून, शेजाऱ्याची चारी होती. कालव्याला आवर्तन सुटलं की त्या चारीतून पाणी जायचं. जाताना आवाज करायचं. झोपेतल्या माणसानं कूस बदलून दोन शब्द बोलावेत आणि परत गप्प व्हावं, तसा आवाज. त्या आवाजावर मी प्लॉट घेतला.

एरवी मी असा माणूस नाही. मी मेंढ्या-बकऱ्यांच्या सौद्यात वाढलो. जबडा उघडून दात बघितल्याशिवाय, कमरेवर बोटं दाबून मांस चाचपल्याशिवाय मी कधी करडूसुद्धा घेतलं नाही. पुढे एमआयडीसीत कारखाने उभे राहिले तेव्हा दोन टेम्पो घेतले. तिथले मॅनेजर लोक भाड्याचं बोलायला स्वतः यायचे नाहीत, दुसऱ्याला पुढे करायचे, इतकं माझं तोंड होतं. पण त्या दिवशी मी माती हातात घेतली नाही. चारीच्या बांधावर बसलो, पाय पाण्यात सोडले आणि होकाराची मान हलवली.

घर बांधणाऱ्या माणसाला म्हणून मी आज पहिली गोष्ट सांगतो ती हीच. दिशा, रस्ता, शेजार सगळं नंतर. आधी खड्डा खणा आणि माती बघा. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडत असतील आणि पावसाळ्यात ती पायातली चप्पल धरून ठेवत असेल, तर ती काळी माती आहे. ती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसते. उसाचं त्यात काही बिघडत नाही. ऊस तिच्याबरोबर वरखाली होतो. भिंतीला ते जमत नाही.

आमचं मूळ गाव इंदापूर तालुक्यात, जिथे कालवा पोचला नाही त्या भागात. घर असं आम्हाला नव्हतंच. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन कोकणाच्या बाजूला उतरायचं, घोड्यावर पाल, भांडी आणि लहान पोरं बांधायची आणि चालत राहायचं. लोकांच्या शेतात मेंढरं बसवायची. दोन रात्री या वावरात, चार रात्री त्या. लेंड्यांनी जमीन कसदार व्हायची, त्याबदली शेतकरी धान्य द्यायचा. आणि पेरणीच्या आधी आम्ही उठायचो. माझ्या आईनं अशी किती जमीन पिकवली असेल, मोजता येणार नाही. पण तिच्यात पुढे काय उगवलं, ते तिनं कधी बघितलं नाही. मला अजून स्वप्नात ती वावरं दिसतात. सकाळचं धुकं, मेंढरांच्या पाठीवर दव, आई पाल गुंडाळत असते आणि मागे वळून त्या नुसत्या काळ्या जमिनीकडे बघते. मग आम्ही चालू लागतो.

म्हणून मला घर पाहिजे होतं, आणि घराभोवती बाग. दारात झाड लावायचं आणि त्याचं फळ लागेपर्यंत तिथून उठायचं नाही, एवढंच.

घर बांधायला मी इंदापूरचा गवंडी आणला. वयानं माझ्याहून मोठा, सगळे त्याला तात्या म्हणायचे, मीही म्हणायचो. बोटं मुळांसारखी, बोलणं तिरकं. पाया खणताना साडेचार फुटांवर तो थांबला. घट्ट मुरूम सात फुटांवर लागेल असं म्हणाला. मी विचारलं, किती दिवस जातील? तो म्हणाला, जातील पंधरा. दिवाळीच्या आत मला चौकट उभी पाहिजे होती, गावाकडच्या सगळ्यांना तसं सांगून बसलो होतो. मी खड्ड्यात उतरलो, टाच आपटली. माती घट्ट वाटली. तो वरून बघत होता. म्हणाला, "मग बास करू?" मी म्हणालो, "तुमची मर्जी."

हे दोन शब्द मी म्हणालो, हे मला मान्य आहे. पण माझं म्हणणं असं, की जाणत्या माणसानं अजाण गिऱ्हाइकाच्या मर्जीवर पाया ठेवू नये. त्यानं हातातली पहार फेकून द्यायला हवी होती. "जमनार न्हाय" म्हणून इंदापूरची एसटी धरायला हवी होती. तो गप्प बसला. बाजारात बकरं विकताना मीही असाच गप्प बसत आलो, हे मला ठाऊक आहे. म्हणून तर मला जास्त राग येतो.

दिवाळीला आम्ही राहायला आलो. पुढचं वर्ष कसं गेलं ते मला सलग आठवत नाही. ओलं आठवतं, हिरवं आठवतं. पहाटे उठलो की आधी बागेत. शेजाऱ्याशी बोलून त्याच्या पाळीतलं अर्धा तास पाणी मी मिळवलं होतं. बदल्यात टेम्पोतून त्याचं खत आणून द्यायचं. भिंतीला लागून चारी बाजूंनी वाफे काढले होते. लिंबू, पेरू, मोगरा, स्वयंपाकघराच्या मागे शेवगा आणि आईच्या खोलीच्या खिडकीपाशी तिनं स्वतः लावलेलं केळीचं रोप. चारीचं बारं, म्हणजे पाण्याचं तोंड, फुटलं की पाणी एकेका वाफ्यात शिरायचं, आधी फेस, काडीकचरा, मग काळं पाणी, मग हळूहळू निवळून आभाळ. मी उसाला भरावं तसं काठोकाठ भरायचो. लहानपणी ज्यानं डोक्यावरून हंडे आणलेले बघितले, त्याचा हात अशा वेळी थांबत नाही.

सकाळी नऊच्या सुमाराला ऊन त्या साचलेल्या पाण्यावर पडायचं आणि तिथून उठून आईच्या खोलीच्या छताला लागायचं. छतभर उजेडाच्या लाटा. आई खाटेवर उताणी पडून बघत राहायची. मी दारात उभा राहून तिच्याकडे बघायचो. कामाला उशीर व्हायचा, टेम्पोचे ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे आणि मला वाटायचं, आपण अजून झोपेत आहोत, आणि असू दे.

पुढचा पावसाळा सरल्यावर पहिली चीर पडली, ती मला दिसली नाही, बायकोला दिसली. आईच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातून तिरकी, केसाएवढी. बायको म्हणाली, "अहो, गिलावा तडकलाय." मी म्हणालो, नव्या घराचा तडकतोच. थंडी सरेपर्यंत त्या खोलीचं दार चौकटीला घासायला लागलं. होळीला मी आठ आण्याचं नाणं चिरेत घातलं, ते आरामात शिरलं आणि आत पडलं. ते अजून त्या भिंतीत आहे.

आईची खाट नेमकी त्या भिंतीला होती. एका दुपारी तिनं वाकळ आणि उशी उचलली, टेम्पो लावायच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन टाकली आणि तिथेच झोपायला लागली.

"आये, लोक काय म्हनतील? बंगला बांधला आन् आईला गाडीपाशी निजवतो?"

"लोकास्नी सांग, म्हातारीला हवा लागती."

"गवंडी आनतो. भिंत दुरुस्त हुईल."

"आरं, चाळीस वर्सं पालात काढली. पालाला कदी चीर पडली व्हती का?" असं म्हणून तिनं कूस बदलली.

रस्त्यानं एमआयडीसीतले कामगार सकाळ-संध्याकाळ मोटारसायकलवरून जायचे. शेडला दार नव्हतं. सगळ्यांना माझी आई दिसायची. मी तिच्या नावानं जे घर बांधलं, त्यात ती सोडून सगळे झोपत होतो. ती तेवढ्यावर थांबणार नव्हती, हेही मला कळत होतं. गावाकडे धाकट्या भावाची दोन खोल्यांची जागा होती, पत्र्याची. एकदा ती तिकडे गेली की परत आली नसती.

मी मोटारसायकल काढली आणि इंदापूरला गेलो. तात्या एका बांधकामावर परांचीवर चढून गिलावा करत होता. मी खालूनच सुरू केलं.

"तात्या, खाली या! माझं घर हुबं फाटलं."

"फाटलं? घर हाय का धोतर?" त्याच्या हाताखालच्या बायका हसल्या.

"हसू नका. सातावर मुरूम व्हता, तुमी साडेचारावर दगड बसवला."

"आन् दिवाळी दिवाळी कोन वराडत व्हतं? खड्ड्यात उतरून टाच कुनी आपटली?"

"टाच माझी, पर गवंडी तुमी का मी?"

तो थापी धुवायला लागला. मग म्हणाला, "येतो ऐतवारी. पर शेठ, तोंड बंद ठेवून ऱ्हावा."

तो आला. चीर बघितलीच नाही आधी. घराला एक फेरी मारली, प्रत्येक वाफ्यात चप्पल रुतवून बघितली, मोरीचं पाणी कुठे मुरतंय ते बघितलं, गच्चीवरून पडणाऱ्या पाण्यानं जमिनीत पाडलेला खड्डा बघितला. मग भिंतीशी हातभर उकरलं आणि मूठभर माती काढून तिचा लाडू वळला.

"हितं पानी कोन भरतं?"

"मी भरतो. बाग हाय."

"बाग? मला वाटलं उसाचा फड हाय, आन् मधी कुनाचं तरी घर आलंय." त्यानं लाडू ओट्याच्या उन्हात ठेवला. "आवर्तन आलं की हिला पोटभर पाजता. आवर्तन गेलं की म्हैनाभर उपाशी ठेवता. ती फुगनार, बसनार. वर बसलेलं घर काय करंल?"

चहा पिऊन होईपर्यंत लाडवाला बारीक चिरा पडल्या होत्या. मला त्याचा इतका राग आला की मी तो लाडू उचलून उसात फेकला. मातीचा राग, त्याच्या बरोबर असण्याचा राग. साडेचार फुटांचं तो एका शब्दानं बोलला नाही.

त्यानं त्या दिवशी जे सांगितलं ते मी पुढे चार लोकांना सांगितलं, त्यांची घरं वाचली. भिंतीपासून चार हात वाफा नको. घराभोवती मुरूम कुटून, वर फरशी बसवून बाहेरच्या बाजूला उतार द्यायचा, म्हणजे पाणी भिंतीपाशी थांबत नाही. गच्चीचं आणि मोरीचं पाणी पाइपानं लांब न्यायचं. मोठं होणारं झाड जेवढं उंच होणार, तेवढं भिंतीपासून लांब लावायचं, कारण उन्हाळ्यात ते पायाखालची ओल ओढून घेतं. बागेला पाणी द्यायचं ते थोडं आणि रोज. एका दिवसात बंदही करायचं नाही, नाहीतर माती दुसऱ्या बाजूनं दगा देते. आणि चीर दिसली की लगेच बुजवायची नाही. आधी ती हलते आहे का थांबली आहे, ते बघायचं.

ते बघायला त्यानं खिशातून खिडकीच्या काचेची बोटभर रुंद पट्टी काढली. चिरेच्या दोन्ही अंगांना सिमेंटच्या टिकल्या लावून ती आडवी बसवली.

"भिंत हालली तर काच फुटंल. एक पावसाळा टिकली तर भिंत थांबली म्हनायची. तवर आपलं भांडान बंद."

मग तो केळीपाशी गेला. "ही काढा. भिंतीपासून तीन फुटावर हाय. सगळ्यात जास्त पानी हितंच मुरतंय."

केळ नुकतीच निसवली होती. जांभळं कमळ बाहेर आलं होतं, त्याची पहिली पाकळी वर उचलली होती आणि तिच्याखाली करंगळीएवढ्या केळ्यांची एक ओळ दिसत होती. आई शेडमधून उठून आली आणि केळीच्या आणि तात्याच्या मधे उभी राहिली.

"घड उतरल्यावर काढा."

"आक्का, घड उतरायला चार म्हैने लागतील. तवर भिंत..."

"मंग भिंत काढा," आई म्हणाली.

तात्या माझ्याकडे बघायला लागला. मी आयुष्यात एवढे सौदे केले, पण तिथे मला आकडा सुचेना. शेवटी मी म्हणालो, केळ राहू दे, तिचं पाणी हळूहळू बंद करू. आईला समजावून सांगितलं. तिनं मान डोलावली. केळीला पाणी न देण्याला तो होकार समजून मी ते खरं मानलं. बाजारात असं मान डोलावणाऱ्याचा मी सगळ्यात आधी संशय घेतला असता.

वाफे बुजवले. मोगरा निघाला, लिंबू निघालं, शेवगा तोडला. मुरूम कुटायचे आवाज आठवडाभर घरात घुमत होते. आईच्या खोलीकडची बाजू तेवढी केळीसाठी मोकळी सोडली. फरशी झाली त्या दिवशी सकाळी नऊला मी सवयीनं त्या खोलीच्या दारात गेलो. छत पांढरं होतं, नुसतं पांढरं. खिडकीखालच्या बुजवलेल्या वाफ्यावर ऊन पडलं होतं आणि तिथेच राहिलं होतं. ते आत यायचं बंद झालं, हे कुणी सांगितलं नव्हतं मला. घर वाचवायचं म्हणजे त्यातलं काहीतरी जातं, ते आधी कळत नाही.

रोज उठून मी काच बघायचो. तिच्यातून भिंतीतली चीर पाण्याखाली असल्यासारखी दिसायची. मी बोट लावायचो नाही. वैशाखात पाटाला पाणी आलं आणि तिसऱ्या दिवशी काच मधोमध तुटलेली.

इंदापूर गाठायला मला तासही लागला नसेल. त्या दिवशी मी तात्याला जे बोललो ते इथे लिहिता येत नाही. त्याच्या कामाच्या मालकासमोर बोललो. साडेचार फूट, दिवाळी, त्याची बोटं, त्याचं गाव, सगळं काढलं. तो ऐकत उभा राहिला. शेवटी एवढंच म्हणाला, "काच आपोआप फुटत न्हाय, शेठ. कुनीतरी पानी देतंय. जरा घरात बगा."

दुसऱ्या दिवशी मी अंधार विरळ व्हायच्या वेळी उठलो आणि पायरीवर बसून राहिलो. चारी बोलत होती. उसातून गार वारा येत होता, सगळं राखाडी, कडा नसलेलं. त्या राखाडीतून आई आली. शेडमधून निघाली, कुंपणापाशी गेली, वाकली आणि टाचेनं चारीचा बांध फोडला. एका टाचेनं फोडला, दुसऱ्या पायानं चिखल सारून पाणी वळवलं. कुदळ नाही, आवाज नाही. पाणी वळून तिच्या मागं मागं आलं, पाळलेल्या जनावरासारखं, आणि केळीच्या बुंध्याशी गोल झालं. ती घोट्यापर्यंत पाण्यात उभी राहिली आणि मान वर करून घडाकडे बघत राहिली. एक हात खोडावर. मेंढरू व्यायला झालं की ती अशी हात ठेवून उभी राहायची.

मी उठलो तेव्हा ओरडायलाच उठलो होतो. तोंड उघडलंसुद्धा. पण तिनंच मला बघितलं आणि बोटानं गप्प केलं, जसं काही केळ झोपली होती.

"तीन फन्या भरल्यात," ती हळू म्हणाली. "चौथी भरतीय. पानी तोडलं तर बारीक चिंगळ्याच ऱ्हातील."

"आये, भिंत फुटली. काच फुटली."

"फुटू दी. लई ठिकानी खत टाकलं रं, एकदाबी उगवलेलं बगितलं न्हाय. ही एक बगू दी. मंग तू म्हनशील तितं निजंन."

हा तिचा आकडा होता. पहिल्यांदाच तिनं तो तोंडानं सांगितला होता. आणि मला दिसलं की आपण आतापर्यंत भिंतीचा सौदा करत होतो, आणि समोरचा माणूस दुसऱ्याच मालाचा.

तात्याला परत बोलवायला मी स्वतः गेलो नाही. मोठ्या ड्रायव्हरला पाठवलं. माफी मागितली नाही. तो तरीही आला, हे त्याचं वागणं मला आवडलं नाही, कारण तो आला नसता तर माझा राग टिकला असता. तो आला, फुटकी काच बघितली, केळीचा ओला बुंधा बघितला आणि आईकडे बघून म्हणाला, "आक्का, चोर घरातलाच निगाला की."

"चोर न्हाय. मालकीन हाय," आई म्हणाली.

तो हसला, उकिडवा बसला आणि भिंतीपासून केळीपर्यंत वितीनं मोजायला लागला. केळ आणि भिंत यांच्या मधे चर खणायचा, असं त्यानं सुचवलं. छातीइतका खोल. त्यात भिंतीच्या अंगाला जाड प्लास्टिकचा कागद उभा सोडायचा आणि चर मुरमानं भरायचा. म्हणजे केळीचं पाणी केळीकडे, भिंतीची माती भिंतीकडे.

"पर मुळं तुटतील एका अंगाची. घड भरंल का न्हाय, मी बोलनार न्हाय. आन् शेठ, ह्या वक्ताला 'तुमची मर्जी' म्हनू नका."

मी म्हणालो, "खना."

प्लास्टिकचा कागद मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यातून आणला. मशीन गुंडाळून येतं तो. स्टोअरवाल्याशी अर्धा दिवस घासाघीस केली, कारण फुकट मिळत होता ते मला पटत नव्हतं. चर खणताना केळीची पांढरी मुळं तटातट तुटली. आई तिथेच बसून होती. एकेका आवाजाला तिचा चेहरा हलायचा. खोडाला दोन बांबूंचे टेकू दिले. मग पाण्याचा सौदा बसला. मी, आई आणि मधे तात्या.

"आठवड्याला दोन हंडे," मी म्हणालो.

"येड लागलं का तुला? दिसाला चार."

"दोन दिसाला एक."

"आरं, जन्माला कुनी घातलं तुला? केळीला कळतंय रं सगळं. दिसाला तीन."

"रोज एक हंडा," तात्या म्हणाला. "कुंपनाच्या अंगानं. चारीला हात लावायचा न्हाय. जास्ती न्हाय, कमी न्हाय."

आई गप्प बसली. मीही बसलो. गप्प बसायचं मी तिच्याकडूनच शिकलो, तेव्हा तिथे मी जिंकणार नव्हतो. पण या वेळी तिनं मान डोलावली नाही, तोंडानं "बरं" म्हणाली. तात्यानं भिंतीवर दुसरी काच बसवली.

पुढचे महिने मला परत धुक्यातून बघितल्यासारखे आठवतात. आई रोज सकाळी पितळी हंडा कमरेवर घेऊन यायची. एक हंडा ती पाव तास ओतायची. बारीक धार, थांबून थांबून, जणू कुणी मापात मारेल म्हणून स्वतःच मापत होती. पाऊस आला, गेला, आला. गच्चीचं पाणी पाइपातून लांब पडायचं. मी काचेपाशी जायचो, आई घडापाशी. एकमेकांना विचारायचो नाही. केळीची एका बाजूची पानं पिवळी पडली, मधे पंधरा दिवस घड थांबल्यासारखा झाला. आई तेव्हा जेवायची नाही धड. मी तेव्हा तिच्याजवळ जाऊन बसायचो, पत्र्याखाली, टेम्पोच्या चाकाला टेकून. पाऊस पत्र्यावर वाजायचा आणि मला वाटायचं, आपण पालातच आहोत, सकाळी उठून चालायचं आहे.

श्रावण सरता सरता घड भरला. पाच फण्या. केळी लहानच राहिली, पण कडा बुजून गोल झाली. आईनं घड स्वतः उतरवला, शेडमध्ये पोत्यात झाकून पिकवला आणि चौथ्या दिवशी तात्याला निरोप धाडला. तो आल्यावर पहिली फणी तिनं त्याच्या हातात दिली. माझ्या नाही. जमीन माझी, पाणी मी मिळवलेलं, घर माझं, आणि पहिली फणी ज्यानं साडेचार फुटांवर पाया थांबवला त्याला. तात्यानं ओट्यावर बसून सावकाश दोन केळी खाल्ली, काचेकडे बघत.

"धड हाय," तो म्हणाला.

"पावसाळा सरला न्हाय अजून," मी म्हणालो.

"शेठ, एकदा तरी म्हना की, गवंड्याचं बरोबर व्हतं."

"केळीचं बरोबर व्हतं. पायाचं चुकलं."

"दोगांचं," तो म्हणाला.

मी ते कबूल केलं नाही. आजही करत नाही. त्याच्यामागं त्याच्या हातची चार घरं मी बघून आलो, त्यांतलं एक सात फुटांवर आहे. त्या मालकानं दिवाळीची घाई केली नव्हती, असं तात्या म्हणतो. असेल.

परतीचा पाऊस त्या वर्षी दसऱ्याच्या पुढे आला. दोन दिवस दुपारीच अंधारून यायचं आणि पत्रा फुटेल असा आवाज. काच तशीच राहिली. केळीचं खोड आईनंच तोडायला लावलं आणि त्याच्या बुडातला मुनवा, नवा कोंब, कुंपणालगतच्या कोपऱ्यात, घरापासून वीस पावलांवर लावला. पावलं तिनं मोजली. तिसऱ्या दिवशी पाऊस उघडल्यावर ती वाकळ काखेत घेऊन घरात आली आणि खोलीच्या मधोमध उभी राहिली. छताकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं, जमिनीकडे बघितलं, नव्या ठिकाणी पाल टाकताना बघायची तसं.

"माझी खाट भिंतीपासून लांब घे."

मी खाट हातभर ओढली.

"अजून."

"आये, दुसऱ्या भिंतीला लागंल आता."

"मग मधी ठेव."

"मधी ठेवली तर दार उघडनार न्हाय."

ती दारापाशी गेली. दार लावून बघितलं, उघडून बघितलं. आता ते कुठे घासत नव्हतं. ती परत आली आणि खाटेचं एक टोक धरलं. मी दुसरं धरलं. ती तिच्याकडे ओढत होती, मी माझ्याकडे. शेवटी दोघांच्याही मर्जीच्या नसलेल्या एका जागी खाट टेकली. तिनं वाकळ अंथरली, आडवी झाली आणि डोळे मिटून म्हणाली, "बरं. सकाळी बगू."